कळमन्याच्या काटापावत्या आणि पायथनचे सीएसव्ही मॉड्यूल

नागपूरच्या कळमना बाजारात माल कोणताही असो, अडत दुकानाचा दिवसभराचा हिशोब शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: काट्यावर झालेली नोंद आणि शेतकऱ्याच्या हाती दिलेली हिशोबपट्टी यांचा मेळ बसतो की नाही. या नोंदी आता बऱ्याच ठिकाणी संगणकातून मजकूर फाइलच्या रूपात निघतात. प्रत्येक ओळीत एक पावती, आणि पावतीतले रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले, अशी ही सीएसव्ही फाइल दिसायला अगदी साधी असते. ती वाचून गावनिहाय, मालनिहाय बेरजा काढणे, हमाली-तोलाई वजा करणे आणि दिवसाचा गोषवारा तयार करणे हे काम मी पायथन या स्क्रिप्टिंग भाषेत करतो. त्यासाठी भाषेसोबतच मिळणारे सीएसव्ही हे मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतो. त्या मॉड्यूलची ही पारख आहे. मत आधीच सांगतो: मराठी मजकूर असलेल्या लहान-मध्यम फाइलींसाठी यापेक्षा भरवशाचे साधन माझ्या पाहण्यात नाही, मात्र त्याच्या दोन सवयी हिशोबाच्या कामात धोक्याच्या आहेत आणि त्यांची बांधबंदिस्ती वापरणाऱ्यानेच करावी लागते.

आधी एक ओळ जवळून पाहू. अशा फाइलीत पावती साधारण अशी लिहिलेली असते:

०५-११-२०२४,००४१७,काटोल,संत्रा आंबिया,"१,२५,०००","माल ओला, प्रत मध्यम"

दिनांक, पावती क्रमांक, गाव, माल, रक्कम आणि शेरा असे हे सहा रकाने आहेत. नवशिक्या माणसाला पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे पायथनमधल्या स्प्लिटने ओळ स्वल्पविरामांवर तोडणे. तसे केले तर या ओळीचे सहाऐवजी नऊ तुकडे होतात, कारण रक्कम लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह लिहिलेली आहे आणि शेऱ्यातही एक स्वल्पविराम आहे. अवतरणचिन्हांच्या आतला स्वल्पविराम हा मजकुराचा भाग असतो, रकाना तोडणारा नसतो, हा नियम सीएसव्ही मॉड्यूलचा रीडर काटेकोरपणे पाळतो आणि सहाच रकाने हाती देतो. शेऱ्याच्या आत कोणी एंटर दाबून नवी ओळ सुरू केली असेल तरी ती पावती एकच राहते, तिचे दोन तुकडे होत नाहीत. मजकुरातच अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहायचे, हा संकेतही त्याला ठाऊक आहे. हे सगळे नियम स्वतः लिहून काढायला बसलेल्या माणसाचा आठवडा सहज जाईल आणि तरी एखादी फट राहील.

हे मॉड्यूल पायथनच्या २.३ या आवृत्तीत, म्हणजे २००३ साली, भाषेत दाखल झाले. सीएसव्ही फाइल कशी असावी याचे टिपण, म्हणजे आरएफसी ४१८०, निघाले २००५ मध्ये. साधन आधी आले आणि लेखी नियम मागून आला. त्यामुळे मॉड्यूल बांधणाऱ्यांनी प्रत्यक्षात चालणारी रीत हाच आधार धरला, आणि म्हणूनच त्यातल्या मूळ बोलीचे, म्हणजे फाइल वाचण्या-लिहिण्याच्या नियमांच्या संचाचे, नाव आजही ‘एक्सेल’ असे आहे. टॅबने तोडलेल्या फाइलींसाठी ‘एक्सेल-टॅब’ ही वेगळी बोली आहे आणि आपल्या काट्याची तऱ्हा निराळी असेल तर स्वतःची बोलीही नोंदवता येते.

या मॉड्यूलचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण असा की ते अंदाज बांधत नाही. मापाऱ्याने वजन सांगावे, भाव सांगू नये, तशी त्याची शिस्त आहे: रकान्यात जे लिहिले आहे ते जसेच्या तसे मजकूर म्हणून समोर ठेवायचे, त्याचा अर्थ लावायचे काम वाचणाऱ्याचे. वरच्या ओळीतला पावती क्रमांक ००४१७ हा ००४१७ म्हणूनच मिळतो. तीच फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली आणि क्रमांक इंग्रजी अंकांत असला तर पुढची शून्ये गळून पडतात, आणि प्रतीच्या रकान्यात कोणी ‘तीन-पाच’ असे अंकांत लिहिले असेल तर त्याची तारीख होऊन बसते. विश्लेषणासाठी लोकप्रिय असलेली पांडाज ही लायब्ररीसुद्धा, वेगळे सांगितल्याशिवाय, असा रकाना संख्या समजून वाचते आणि शून्ये घालवते. जुन्या पावतीशी ताळा घ्यायची वेळ आली की या गळालेल्या शून्यांची किंमत कळते.

सगळे मजकूर म्हणून मिळते, तर मग रकमेची संख्या कशी करायची? इथे पायथनने मराठी माणसाची मोठी सोय केलेली आहे, आणि ती पुष्कळांना माहीत नसते. देवनागरी अंकांत लिहिलेला मजकूर पूर्णांकात किंवा दशांशात बदलायला वेगळा तक्ता करावा लागत नाही. ‘२४५०’ हा मजकूर इंट या फलनाला दिला की त्यातून थेट संख्या निघते. डेसिमल या अचूक दशांश संख्यांच्या प्रकाराच्या अधिकृत दस्तऐवजात तर देवनागरी अंक चालतात असे नाव घेऊन नमूद केले आहे. काही नोंदी देवनागरी अंकांत आणि काही इंग्रजी अंकांत, अशी सरमिसळ आपल्याकडे रोजची आहे. ती या एका गोष्टीमुळे निम्मी सुटते. फक्त लाख-हजारांचे स्वल्पविराम आधी काढून टाकावे लागतात, नाहीतर रूपांतर अडते. पैशांच्या हिशोबासाठी फ्लोट हा अपूर्णांकांचा नेहमीचा प्रकार न वापरता डेसिमलच वापरावे असा माझा आग्रह आहे. फ्लोटमध्ये दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवले जातात, त्यामुळे दहा पैशांत वीस पैसे मिळवून नेमके तीस होत नाहीत, आणि दिवसाच्या बेरजेत असा फरक साचत गेला तर दिवाणजींना तो समजावून सांगणे अवघड जाते.

आता एन्कोडिंगकडे, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या रीतीकडे, वळतो, कारण नागपुरातल्या दुकानांमधल्या विंडोज संगणकांवर सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही तर पायथन संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमधले एन्कोडिंग धरतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ते सीपी-१२५२, म्हणजे लॅटिन अक्षरांचा जुना तक्ता, असते. मराठी मजकूर युटीएफ-८ मध्ये साठवलेला असतो आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. सीपी-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, आणि हलन्ताच्या चिन्हाचा शेवटचा बाइट नेमका त्यांपैकी एका जागेवर पडतो. ऱ्हस्व उकाराचेही तसेच, आणि ए, ऐ, झ यांचेही. त्यामुळे ‘संत्रा’ हा शब्द आला की त्यातल्या जोडाक्षरापाशी प्रोग्राम एरर देऊन थांबतो. पण ‘आवक’ या शब्दात जोडाक्षरही नाही आणि ऱ्हस्व उकारही नाही, तेव्हा तो शब्द कोणतीही तक्रार न करता वाचला जातो आणि पडद्यावर न कळणाऱ्या लॅटिन चिन्हांची माळ उमटते. एकाच फाइलीतले काही शब्द अडतात आणि काही बिनबोभाट बिघडतात, याचे कारण इतके बारीक आहे. पायथनच्या ३.१५ या आवृत्तीपासून युटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग धरण्याचा निर्णय झालेला आहे, आणि तो आपल्यासारख्यांच्या फार फायद्याचा आहे. परंतु दुकानातल्या संगणकांवर जुन्या आवृत्त्या पुढेही बरीच वर्षे राहणार, तेव्हा एन्कोडिंग प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिणे हाच मार्ग आहे.

त्यातही नुसते युटीएफ-८ न लिहिता ‘युटीएफ-८-सिग’ लिहावे. एक्सेलमधून ‘सीएसव्ही युटीएफ-८’ म्हणून साठवलेल्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण असते. ती काढली नाही तर पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून बसते, आणि ‘दिनांक’ हा रकाना डोळ्यांना दिसत असूनही प्रोग्रामला सापडत नाही. एक्सेलचा नुसता ‘सीएसव्ही’ हा पर्याय मात्र मराठी मजकुरासाठी कधीही निवडू नये. त्यात देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली जातात आणि मूळ मजकूर त्या फाइलीतून कायमचा जातो. पुढे कोणतेही मॉड्यूल तो परत आणू शकत नाही.

मॉड्यूलच्या ज्या सवयींवर माझा आक्षेप आहे, त्यांपैकी पहिली डिक्टरीडरची आहे. हा वाचक मथळ्याच्या ओळीतली नावे घेऊन प्रत्येक पावती नावानिशी हाती देतो, म्हणजे पाचवा रकाना असे न म्हणता ‘रक्कम’ असे म्हणता येते. सोय उत्तम आहे, पण ओळीत रकाने कमी पडले तर उरलेल्या नावांपुढे तो गुपचूप ‘नन’ (पायथनमधली ‘काहीच नाही’ ही किंमत) भरतो, आणि रकाने जास्त झाले तर वरचे सगळे एका बिननावाच्या यादीत, म्हणजे नावाच्या जागीही ‘नन’च ठेवून, टाकून पुढे जातो. वर दिलेल्या ओळीतल्या रकमेची अवतरणचिन्हे काट्यावरच्या माणसाकडून राहून गेली असे समजा. आता ‘रक्कम’ या नावाखाली फक्त ‘१’ येतो, ‘शेरा’ या नावाखाली ‘२५’ येतो आणि बाकीचे त्या बिननावाच्या यादीत जाते. एक ही पूर्णपणे वैध संख्या आहे, त्यामुळे रूपांतर अडत नाही. सव्वा लाखाची पावती एक रुपयाची होऊन बेरजेत जमा होते आणि कुठेही एरर दिसत नाही. शेतकऱ्याच्या पट्टीत असे घडणे मला कोणत्याही सबबीवर मान्य होण्यासारखे नाही. उपाय छोटा आहे: प्रत्येक पावतीत ‘नन’ या नावाचा रकाना तयार झाला आहे का, आणि कोणत्या रकान्याची किंमत ‘नन’ आहे का, या दोन्ही गोष्टी तपासाव्यात, आणि तसे दिसताच फाइल तिथेच नाकारावी. पण हा पहारा मॉड्यूलने स्वतः ठेवायला हवा होता. त्याच मॉड्यूलमधला डिक्टरायटर लिहिताना अनोळखी रकाना आला की स्वतःहून एरर देतो. लिहिताना एवढी कडक शिस्त आणि वाचताना एवढी ढिलाई, हा भेद मला पटत नाही.

दुसरी सवय उघड्या राहिलेल्या अवतरणचिन्हाची. शेऱ्याच्या आधी चिन्ह टाकले आणि शेवटी बंद करायचे राहिले, तर मॉड्यूल पुढच्या ओळी त्याच शेऱ्याचा भाग समजून गिळत जाते. काही पावत्या अशा प्रकारे एका शेऱ्यात गडप होतात आणि मोजणी कमी भरते. यावर ‘स्ट्रिक्ट’ नावाची एक कळ आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू केली की पुढच्या ओळीतल्या अवतरणचिन्हाशी घोळ होताच, किंवा तसे चिन्ह आलेच नाही तर फाइलीच्या शेवटी, एरर मिळतो. हिशोबाच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ही कळ चालू असावी. शिवाय रीडरकडे ‘लाइन नम’ नावाची मोजणी असते, ती फाइलीतल्या प्रत्यक्ष ओळी मोजते, पावत्या नव्हे. एररसोबत हा आकडा छापला की नोटपॅडमध्ये नेमक्या ओळीवर जाऊन दुरुस्ती करता येते. नुसते ‘फाइल चुकली’ असे सांगून काट्यावरच्या माणसाकडे फाइल परत पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मराठी फाइलींना छळणारी आणखी एक गोष्ट आहे. तिचा दोष मॉड्यूलकडे जात नाही, तरी वापरणाऱ्याला ती ठाऊक असलीच पाहिजे. ‘शेतकऱ्याचे नाव’ हा रकाना जवळपास प्रत्येक फाइलीत असतो. त्यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह असते. दोन्ही पडद्यावर अगदी सारखे दिसतात. पण संगणकाच्या लेखी ते वेगवेगळे मजकूर आहेत, त्यामुळे एका काट्याची फाइल बिनतक्रार चालते आणि दुसऱ्या काट्याची फाइल ‘असा रकानाच नाही’ म्हणून अडते. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया, या जोडीला एकत्र आणत नाही. ‘वऱ्हाडे’ सारख्या आडनावांतही हाच प्रश्न येतो आणि एकाच शेतकऱ्याची दोन खाती पडतात. वाचल्याबरोबर प्रत्येक रकान्यातला दुसऱ्या रीतीचा ‘ऱ्’ पहिल्या रीतीत बदलून घेणे आणि दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटणे, एवढे केले की गावांच्या आणि नावांच्या बेरजा जुळायला लागतात.

फाइलीत रकाने कशाने तोडले आहेत हे ओळखणारा स्निफर या मॉड्यूलमध्ये आहे. त्यावर विसंबू नये. तो नमुन्यावरून तर्क करतो, आणि ज्या मजकुरात रकमांमध्येही स्वल्पविराम आहेत तिथे तर्क चुकायला वाव राहतो. काट्याचे सॉफ्टवेअर रोज बदलत नाही, तेव्हा तोडचिन्ह एकदा पाहून घेऊन स्वतः लिहावे हे उत्तम.

काही जुने काटे सीएसव्ही देतच नाहीत. ठरावीक रुंदीच्या रकान्यांचा, छापण्यासाठी मांडलेला अहवाल तेवढा काढतात. तिथे हे मॉड्यूल उपयोगाचे नाही आणि ओळीचे स्थानानुसार तुकडे करावे लागतात. मराठी मजकुरात तेही सरळ जात नाही: ‘संत्रा’ या शब्दाची लांबी पायथन सहा मोजतो, कारण अनुस्वार, हलन्त आणि काना ही त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हे आहेत. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइलींचेही असेच. त्यांतला मजकूर मुळात लॅटिन अक्षरांचाच असतो आणि फॉन्टमुळे मराठी दिसतो. तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा, मग पुढचे बोलावे.

गोषवारा लिहिताना मॉड्यूल कमालीचे सुखाचे आहे. ज्या रकान्याला अवतरणचिन्हांची गरज आहे त्यालाच ती लावली जातात, बाकीचे मोकळे राहतात. विंडोजवर एकच पथ्य पाळायचे: फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ हा पर्याय रिकामा लिहायचा. तो विसरला तर एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीखाली एक कोरी ओळ दिसते. वाचतानाही तोच पर्याय द्यावा, म्हणजे शेऱ्यातल्या आतल्या ओळी जशाच्या तशा राहतात. गोषवारा दुकानदाराला एक्सेलमध्ये उघडायचा असेल तर लिहितानाही युटीएफ-८-सिग वापरावे, म्हणजे मराठी अक्षरे पहिल्याच झटक्यात नीट दिसतात.

पर्यायांविषयी थोडक्यात. पांडाज हे मोठे आणि समर्थ साधन आहे आणि हंगामभराच्या भावांची सरासरी, आंबिया आणि मृग बहाराची तुलना, आलेख अशी कामे त्यातच करावीत. पण ते संपूर्ण फाइल स्मृतीत घेते आणि रकान्यांचे प्रकार स्वतः ठरवते. सीएसव्ही मॉड्यूल एकेक ओळ वाचून सोडत जाते, त्याचा गाभा सी भाषेत लिहिलेला असल्यामुळे वेगही पुरेसा आहे, आणि दुकानातल्या जुन्या संगणकावरही ते अडखळत नाही. ऑक या जुन्या भाषेच्या ग्नू अवताराला ५.३ या आवृत्तीपासून सीएसव्ही समजते. लिनक्सवर बसणाऱ्याने दोन ओळींच्या बेरजेसाठी ते अवश्य वापरावे. विंडोजवरच्या अडत दुकानाला मी ते सुचवणार नाही.

किमतीचा प्रश्न नाही, कारण पायथन विनामूल्य आहे आणि हे मॉड्यूल त्याच्याबरोबरच येते. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नसल्यामुळे इंटरनेट नसलेल्या काट्याच्या खोलीतही ते चालते, फक्त पायथनची इन्स्टॉलर फाइल पेनड्राइव्हवर न्यावी लागते. ती चालवताना पहिल्याच खिडकीत पायथनला पाथमध्ये (संगणक प्रोग्राम जिथे शोधतो त्या यादीत) जोडण्याचा जो चौकोन असतो, त्यावर खूण करावी. बीसीसीए (वाणिज्य आणि संगणकाची पदवी) किंवा तत्सम अभ्यासक्रमाच्या ज्या विद्यार्थ्याला स्प्लिट आणि लूप एवढे येते, त्याला हे मॉड्यूल एका बैठकीत समजेल, आणि पहिल्याच प्रोग्राममध्ये त्याने ‘स्ट्रिक्ट’, ‘नन’ची तपासणी आणि शेवटी पावत्यांच्या संख्येचा काट्यावरच्या संख्येशी ताळा, या तीन गोष्टी घालाव्यात. त्या घातल्या असतील तर त्या प्रोग्रामने काढलेली पट्टी हर्रास आटोपल्यावर शेतकऱ्याच्या हातात द्यायला माझी हरकत नाही.